मिसळीला ४.३ तारे, भटारखान्याला किती?

रविवारी सकाळी नऊनंतर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणी जा. दारातला पोरगा वहीत नाव लिहून घेतो आणि ‘अर्धा तास लागेल’ म्हणतो. तेवढ्या वेळात माणसं फोन काढतात आणि ज्या जागेसमोर उभी आहेत त्याच जागेबद्दल वाचत बसतात. तर्री एक नंबर, पार्किंग ऐसपैस, मुलांना झोपाळे, वॉशरूम स्वच्छ, एकूण ४.३ तारे. मग थांबायला हरकत नाही असं ठरतं. चव, सेवा, जागा आणि दर यांबद्दल हे तारे बऱ्यापैकी खरं बोलतात. आजारी पडण्याच्या शक्यतेबद्दल मात्र ते काहीही सांगू शकत नाहीत. काही तारे ताकाच्या फुकट ग्लासावर मिळवलेले असतात, ते सोडून द्या. अगदी प्रामाणिक गिऱ्हाइकालाही ही गोष्ट कळायचा मार्ग नसतो.

रोगाचं वेळापत्रकच तसं आहे. आचाऱ्याच्या कापलेल्या बोटावरून किंवा नाकातून अन्नात गेलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष १ ते ६ तासांत ओकाऱ्या काढायला लावतं. नोरोव्हायरस १२ ते ४८ तास घेतो. साल्मोनेलाला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो. टायफॉइडचा ताप साधारण १ ते ३ आठवड्यांनी चढतो आणि हिपॅटायटिस ए ची कावीळ दिसायला १५ ते ५० दिवस जातात. गिऱ्हाईक तारे देतं ते बिल येईपर्यंतच्या दहा मिनिटांत. पुढे डोळे पिवळे होतात तेव्हा महिन्यापूर्वी कुठल्या गाड्यावर पाणीपुरी खाल्ली होती हे कुणाला आठवणार? मग काल रात्रीच्या पनीरच्या नावाने शिव्या घातल्या जातात. ते पनीर बहुतेक वेळा निर्दोष असतं.

दुसरी फसगत नाकाची. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे, हा घराघरातला नियम दूध नासण्यापुरता ठीक आहे. अन्न आंबवणारे, बुरशी धरणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. दुसऱ्या जातीचे जंतू वास, रंग, चव काहीही न बदलता वाढत जातात. मनासारखी ऊब मिळाली तर दर वीस मिनिटांना दुप्पट. सकाळी दहाला एक असेल तर संध्याकाळी पाचला त्याचे वीस लाखांवर होतात. ही ऊब म्हणजे ५ ते ६० अंश सेल्सिअसमधला पट्टा. एप्रिलमधल्या नाशिकचा भटारखाना या पट्ट्याच्या मधोमध बसतो.

आता मिसळीचं ताटच समोर घेऊ, कारण या शहरात स्वच्छतेची परीक्षा घ्यायला त्याहून चांगला पदार्थ नाही. सगळ्यांना धास्ती असते ती लालभडक तर्रीची. ताटातला सर्वांत निर्धोक भाग तोच आहे. तो तास न् तास शेगडीवर खदखदत असतो, तिथे जंतूची डाळ शिजत नाही. पापड, शेव, फरसाण कोरडं असतं. कोरड्यात जंतू जगले तरी वाढत नाहीत. तिथला प्रश्न तेलाचा आहे, त्याकडे पुढे येतो. पाव बरा. दही आंबट असतं, त्यामुळे थंड राहिलं तर तेही फारसं त्रासदायक नाही.

खरी काळजी मटकीपासून सुरू होते. मोड आणायला मटकी आठ-दहा तास भिजवून, कापडात बांधून रात्रभर ऊबेत ठेवतात. मोड यायला जे लागतं तेच जंतूंनाही लागतं, म्हणजे ओल, ऊब आणि वेळ. नीट उकळली की बहुतेक मरतात. मात्र पहाटे पाचला शिजलेली उसळ शेगडीवरून उतरवून ओट्यावर येते आणि अकरा-बारापर्यंत तिथेच कोमट होत बसते. वाढताना ताटलीत कोमट उसळ, वर शेव आणि त्यावर उकळता रस्सा. खाणाऱ्याला चटका बसतो, म्हणून सगळंच गरम आहे असं वाटतं. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची केटरिंगची तपासणी यादी ज्या चुकीवर बोट ठेवते ती हीच. गरम पाणी घालून किंवा असल्या आडवळणाने अन्न पुन्हा गरम करू नये, पदार्थाच्या गाभ्याचं तापमान ७५ अंशांपर्यंत नेऊन तिथे निदान दोन मिनिटं टिकवावं, असं ती सांगते. थंड स्टीलच्या ताटलीत, शेव-कांद्याच्या संगतीत उसळीचा गाभा तिथवर पोचत नाही. शिवाय स्टॅफिलोकॉकसचं विष एकदा तयार झालं की उकळूनही जात नाही. उपाय महागडा नाही. उसळ मंद आचेवर ६५ अंशांच्या वर धरायची, नाहीतर तासा-दीड तासाला छोटी खेप करायची. दुसरा उपाय वस्तादांना आवडत नाही, कारण प्रत्येक खेपेला चव सांभाळावी लागते.

आणि मग कांदा, कोथिंबीर, लिंबू. लासलगावचा कांदा असला तरी सकाळी सहाला चिरून घमेल्यात ठेवलेला, वरून पाणी शिंपडलेला आणि दुपारी दोनपर्यंत हाताने उचलून वाढलेला कच्चा कांदा म्हणजे दिवसभरात त्या घमेल्यात गेलेल्या सगळ्या हातांची बेरीज असते. कोथिंबिरीची जुडी शेतातून मातीसकट येते. मातीत काय असतं ते पाणी कुठलं दिलं यावर ठरतं. ही जुडी नळाखाली झटकून काम भागत नाही. आधी माती जाईपर्यंत दोन पाण्यांत खळबळायची, मग ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटं, मग पिण्याच्या पाण्याने धुवायची. खाद्य वापराचं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्याला १ मिलिलिटर घातलं की ५० पीपीएम होतं. यात लोक दोन ठिकाणी चुकतात. माती न काढता जुडी थेट औषधाच्या पाण्यात टाकतात, मग क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं. आणि हायपोक्लोराइटचा कॅन उन्हात, शेगडीशेजारी महिनोन् महिने उघडा राहतो, त्यातला दम केव्हाच गेलेला असतो. तेव्हा मिसळ खाताना घाबरायचंच असेल तर तिखटाला नको, वर भुरभुरलेल्या हिरव्याला घाबरा.

रात्रीच्या जेवणातली चूक वेगळी असते, ती मोठ्या टोपाची. कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत ग्रेव्हीची सगळी हॉटेलं दोन-तीन मूळ ग्रेव्ह्यांवर चालतात. त्या दुपारी एकदम करून ठेवतात. शिजलेलं अन्न ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरायला हवं, हा मान्य दंडक. वीस लिटरचा टोप झाकण घालून ओट्यावर ठेवला तर त्याचा गाभा रात्रभर कोमट राहतो. तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर स्वतः थंड होत नाही, उलट शेजारचं दही आणि चिकन तापवतो. करायचं एवढंच की ग्रेव्ही पसरट ट्रेमध्ये दोन-दोन इंचांच्या थरात ओतायची, किंवा टोप बर्फाच्या पाण्यात ठेवून पळीने हलवत राहायचं. भाताचंही तेच. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि जे विष सोडतात ते दुसऱ्या दिवशीच्या फोडणीतही टिकतं. दुपारच्या भाताचा रात्री फ्राइड राइस करणं हा गुन्हा नाही. तो दुपारपासून रात्रीपर्यंत कुठे होता, हा प्रश्न आहे.

यातलं काय गिऱ्हाइकाला टेबलावरून दिसतं? जवळजवळ काहीच नाही. चकचकीत ग्रॅनाइट, सुगंधी वॉशरूम आणि वेटरचा गणवेश हा सगळा दर्शनी भाग. काही खुणा मात्र खऱ्या बोलतात. टेबल पुसणाऱ्या फडक्याकडे बघा. एकच ओलं फडकं सहा टेबलांवर फिरून वेटरच्या खांद्यावर विसावत असेल तर ते टेबल स्वच्छ करत नाही, घाण सगळीकडे सारखी वाटतं. पाण्याचे चार ग्लास आत बोटं घालून एका मुठीत येतात का, हे बघा. गल्ल्यावर नोटा मोजणारा हातच पाव उचलतो का, तेही बघा. हात धुवायच्या बेसिनवर साबण आहे का आणि तो ओला आहे का, कारण कामगारही बहुधा तिथेच हात धुतात आणि कोरडी वडी धुतले न गेलेले हात दाखवते. उसाच्या रसात किंवा सरबतात निळसर बर्फ दिसला तर उठा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आहे, तो मासे आणि यंत्रं थंड करायला असतो. भजी छापील वर्तमानपत्रात बांधून मिळाली तर शाई तुमच्या पोटात जाते आणि ते नियमातही बसत नाही.

तेलाचं राहिलं. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारी द्रव्यं, साचतात. ती २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. कढईत फेस लवकर उतरत नसेल, तेल काळपट आणि काकवीसारखं दाट झालं असेल, डोळे चुरचुरवणारा धूर येत असेल तर ती हद्द गाठली आहे असं समजायला हरकत नाही. हे एकच दुखणं गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसतं. गंमत अशी की तरीही वडा तिथलाच खाल्ला जातो.

दारावर नाहीतर गल्ल्यामागे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक लावलेला असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. लोक हा क्रमांक म्हणजे स्वच्छतेचा दाखला समजतात, आणि हॉटेलवालेही त्यांचा गैरसमज प्रेमाने जपतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच की हा धंदा सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि चूक झाली तर कुणाच्या नावाने नोटीस काढायची ते ठाऊक आहे. वाहनाच्या नंबरप्लेटवरून ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही, तसंच हे.

ब्रेकची तपासणी मुळात होतच नाही असं मात्र नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये परवान्याचे विनियम आले. त्यांच्या अनुसूची ४ मध्ये भटारखाना कसा असावा हे बारकाईनं लिहिलं आहे. केटरिंगची तपासणी यादी ११४ गुणांची आहे. त्यात काही मुद्द्यांवर तारा असतो. पिण्यायोग्य पाणी, शिजवण्याचं तापमान असले हे मुद्दे. तारांकित मुद्द्यांत एकही चुकला तर बाकीचे गुण कितीही असोत, जागा नापास. ही यादी बनवणाऱ्याला विषय कळत होता, यात शंका नाही. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी ती भरतो, सुधारणेची नोटीस काढतो, गलिच्छपणासाठी एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि मग तो कागद फाइलीत जातो. ज्याच्या पोटासाठी हे सगळं चाललं आहे त्याला तो कधीच दिसत नाही.

त्याला दिसतं ते दुसरंच. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचीच ‘हायजीन रेटिंग’ नावाची योजना आहे, एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांची. ८१ किंवा त्याहून जास्त गुणांना पाच चेहरे, ६१ ते ८० ला चार, असं खाली उतरत जातं. कल्पना चांगली, बेत कच्चा. ती ऐच्छिक आहे. मान्यताप्राप्त खासगी संस्था येऊन तपासते आणि तिचे पैसे हॉटेलवाला भरतो. तारीख ठरवून येणाऱ्या पाहुण्यासाठी घर कसं आवरतात हे सांगायला नको. ज्याला पाचाची खात्री आहे तोच अर्ज करतो. दोन चेहरे मिळालेला माणूस ते दारावर लावून धंदा का बुडवेल? त्यामुळे शहरात पाच चेहरे दिसतात किंवा काहीच दिसत नाही. ‘काहीच नाही’ याचा अर्थ वाईट, की नुसतीच न तपासलेली जागा, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या देशांनी इथे ठेचा खाल्ल्या आहेत, त्या फुकटात शिकता येतील. लॉस एंजेलिस काउंटीने १९९८ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१० मध्ये दारावर अक्षर लावायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये गुण दोषांचे असतात. १३ पर्यंत ए, १४ ते २७ बी, २८ पासून सी. ब्रिटनमध्ये ० ते ५ ची पद्धत आहे. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून तो आकडा दारावर लावणं सक्तीचं झालं. इंग्लंडमध्ये सक्ती नाही, तर तिथे कमी आकड्याची चिठ्ठी दारावर फारशी लागत नाही, इतकं सरळ गणित. डेन्मार्कने २००१ पासून तपासणीचा अहवालच गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायला सांगितला, आणि त्यावर मागच्या तपासण्यांचे निकालही असतात. हे सगळ्यांत शहाणपणाचं. एका दिवशी कुणीही चांगलं वागतं, चार वेळा चांगलं वागायला सवय लागते. अमेरिकेत काही ठिकाणी जवळजवळ सगळ्यांनाच ए मिळू लागला आणि अक्षराला अर्थच राहिला नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

तेव्हा नाशिकसाठी मागणी अशी. सरकारी अधिकाऱ्याने न सांगता केलेल्या तपासणीचा निकाल, तारखेसकट, आठ दिवसांच्या आत दारावर लागला पाहिजे, आणि तो सक्तीने. त्यावर एकूण गुण असोत, पण त्याआधी मोठ्या अक्षरांत चार गोष्टींचं हो किंवा नाही असावं. पाणी पिण्यायोग्य आहे का. गरम अन्न गरम आणि थंड अन्न थंड धरलं जातं का. हात धुवायची सोय साबणासकट भटारखान्यातच आहे का. आजारी कामगाराला घरी पाठवतात का. बेरीज मुद्दाम मागे ठेवली आहे. छतावरच्या जाळ्या, तुटकी फरशी आणि उघडी कचराकुंडी यांचे गुण कापले जातात तसे कोमट उसळीचेही कापले जातात, आणि मग चकचकीत फरशीवाला कोमट उसळ वाढूनही वरचा नंबर काढतो. जाळ्यांनी कुणी दवाखान्यात जात नाही.

चौथा प्रश्न पुष्कळांना विचित्र वाटेल. पण भटारखान्यातला सर्वांत धोकादायक प्राणी झुरळ नाही, जुलाब होत असताना कामावर आलेला माणूस आहे. तो रोजंदारीवर असतो, गावाकडून आलेला असतो, खाडा झाला तर दिवसाचे पैसे जातात. म्हणून तो येतो आणि सांगत नाही. त्याने वीस सेकंद साबणाने हात धुतले तरी धोका उरतोच. जुलाब थांबल्यावर पुढचे दोन दिवसही अन्नाला हात लावू नये. मालकाने आजारपणाची पगारी रजा दिली तरच तो खरं बोलेल. पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित देखरेख्या असावा असं प्राधिकरण सांगतं. त्या देखरेख्याची पहिली जबाबदारी सकाळी प्रत्येकाला ‘पोट ठीक आहे ना?’ विचारायची असली पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे पैसे कापले जाणार नाहीत हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

यावर पहिली हरकत ठरलेली. अधिकारी पुरेसे नाहीत, आणि आहेत ते पाकिटं घेतील. दोन्ही हरकती खऱ्या धरून चालू. माणसं थोडी असतील तर आधी कुठे जायचं हे ठरवा. एका चुकीत शंभरजण आजारी पडतील तिथे आधी. मंगल कार्यालयांचे केटरर, वसतिगृहांच्या मेस, अंबड-सातपूरच्या कारखान्यांना डबे पुरवणारी स्वयंपाकघरं, रविवारी हजारभर ताटं काढणारी मिसळीची ठिकाणं, आणि ज्यांचा भटारखाना गिऱ्हाइकाने जन्मात पाहिलेला नसतो अशी केवळ घरपोच देणारी किचन्स. पाकिटाचं म्हणाल तर आजचा बंद फाइलीतला कागद पाकिटाला जास्त सोयीचा आहे. दारावर ‘गरम अन्न गरम: हो’ असं लिहिलेलं आणि समोर उसळ गार, हे खोटं रोज शेकडो लोक पकडू शकतात. शिवाय दर महिन्याला थोड्या जागी दोन अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी वेगवेगळी तपासणी करावी आणि गुण ताडून बघावेत. फरक मोठा आला तर एकतर पाकीट आहे किंवा प्रशिक्षण कमी आहे. दोन्ही कळलेलं बरं. मालकावर अन्याय झाला असेल तर त्याला ठरलेल्या मुदतीत फेरतपासणी मागता आली पाहिजे. तोवर जुना निकाल दारावरच राहील.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. यात हातगाडीवाला भरडला जाईल. रामकुंडावर, शालिमारला, मध्यवर्ती बस स्थानकाजवळ उभा असलेला माणूस तीन टाक्यांची धुण्याची सोय कुठून आणणार? तो एका बादलीत दिवसभर त्याच पाण्यात प्लेटा बुचकळतो, कारण त्याच्याकडे नळ नाही आणि सांडपाणी सोडायला गटार नाही. त्याला नापास करणं म्हणजे महापालिकेने स्वतःचा पेपर दुसऱ्याच्या नावावर टाकण्यासारखं आहे. गाड्यांसाठी निकाल गाडीचा नको, जागेचा हवा. अहमदाबादच्या कांकरियाला २०१८ मध्ये देशातला पहिला ‘स्वच्छ खाऊगल्ली’चा दर्जा मिळाला, तो तिथल्या एकेका गाड्याला नाही, अख्ख्या जागेला. दहा-बारा गाड्यांमागे एक पिण्याच्या पाण्याचा नळ, एक धुण्याचा ओटा, चरबी अडवणाऱ्या जाळीचं गटार आणि झाकणाचा कचराडबा एवढं महापालिकेने द्यावं. मग उरलेल्यासाठी गाडीवाल्याला जबाबदार धरावं.

पाण्याबद्दल मात्र कुणालाच सवलत नको. गंगापूर धरणातून येणारं पाणी शुद्ध होऊन निघतं, पण हॉटेलच्या जमिनीखालच्या टाकीत काय होतं ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात टाकीला तडा असेल आणि शेजारून गटार जात असेल तर कावीळ घरपोच येते. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. ओटी टेस्टच्या (क्लोरीन दाखवणाऱ्या) द्रावणाचे दोन-चार थेंब टाकून पाण्याला पिवळी झाक येते का एवढं बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. रोज सकाळी ती नोंद एका वहीत लिहायला लावली तर निम्मे साथीचे आजार आधीच कळतील, असं म्हणण्याचा मोह होतो. पण आकडा नको, वही पुरे.

गिऱ्हाइकाचंही एक काम आहे. दोघांपेक्षा जास्त जणांना त्रास झाला तर समाजमाध्यमावर राग काढण्याआधी बिल जपा, उरलेलं अन्न स्वच्छ झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. तीन दिवसांत काय काय खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौच तपासणीला द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. ताप टायफॉइडसारखा वाटत असेल तर रक्ताचं कल्चर मागा, नुसत्या विडाल चाचणीवर भागवू नका. मग अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा. एकट्याची तक्रार बहुधा कुठेच पोचत नाही. तीन अनोळखी कुटुंबांची एकाच जागेबद्दलची, वेळांसकट लिहिलेली तक्रार साथ शोधून काढते. अन्नातून झालेली विषबाधा डॉक्टरांनी कळवावी अशी सक्ती कायद्याच्या कलम ३५ खाली करता येते. ती प्रत्यक्षात वापरली तर एका शहरातले दवाखाने सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतील.

सिंहस्थाचं वेळापत्रक जाहीर झालेलं आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली अमृतस्नानं. म्हणजे ऐन पावसाळा, गढूळ पाणी आणि एका दिवसात लाखो ताटं. त्या गर्दीत नवी पद्धत सुरू करायला जाणं म्हणजे पुरात पोहायला शिकणं. सुरुवात आधी आणि छोटी हवी. जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांच्या आणि इस्पितळांच्या आवारातली उपाहारगृहं पहिल्यांदा तपासा आणि त्यांचे निकाल त्यांच्याच दारावर लावा. तिथे मालकांची संघटना आडवी येणार नाही, अधिकाऱ्यांचा हात बसेल, दोन अधिकाऱ्यांचे गुण जुळतात का ते कळेल. प्रत्येक ठिकाणी एक टोचायचा थर्मामीटर द्या, हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. पहिल्या दिवशी तो उसळीच्या टोपात बुडवून आकडा दारावरच्या कागदावर लिहा. साहेबांची मिसळ किती अंशांवर येते, हे साहेबांनाही तेव्हाच कळेल.